नवी कप्पी

शीड पुन्हा अर्ध्यावर अडलं. त्याने दोर मुठीत धरला, पाय डोलकाठीच्या बुडाशी रोवले आणि अंग टाकून ओढलं. शीड वीतभर वर सरकलं आणि थांबलं.

"आजही तेच?" शेजारच्या होडीतून दातांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"कुठंतरी घासतंय. सापडेल."

"मी ओढून बघू का?"

"नको, नको. तुमचे हात लोकांच्या तोंडात जायचे. सोलवटले म्हणजे पंचाईत."

डॉक्टर हसून आपल्या कामाला लागले. त्याने शीड खाली घेतलं, पुन्हा चढवून पाहिलं, पुन्हा खाली घेतलं.

त्याचा सगळा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेला होता. बिघाड कुठेतरी दडून बसलेला असतो आणि खालपासून वरपर्यंत तपासत गेलं की हाती लागतोच, यावर त्याचा पक्का विश्वास होता. निवृत्त झाल्यावर त्याने ही जुनी होडी घेतली, तेव्हा बायको म्हणाली होती, निदान घरातली खुडबुड तरी थांबेल.

खुडबुड थांबली नव्हतीच. दोर मिठाने कडक झाला असेल म्हणून त्याने तो गोड्या पाण्यात भिजवून वाळवला. मग वाटलं, पीळ बसला असेल, तो उलगडला. शीड ज्या खाचेतून वर सरकतं ती घासून तिला मेण लावलं. शेवटी डोलकाठी आडवी पाडून शेंड्याची कप्पी काढली आणि नवी बसवली. बोटाने टिचकी मारली की ती भिरभिर फिरायची. तरी शीड अडायचं ते अडायचंच. जेवताना त्याचा घास हातातच राही.

"अहो, जेवा आधी," बायको म्हणे. "कप्पी कुठं पळून जात नाही."

दुपारी ती त्याचा विसरलेला डबा घेऊन धक्क्यावर आली. होडी हलते म्हणून ती कधी आत पाऊल टाकत नसे. आज त्याने तिला सोडलं नाही.

"अगं, जरा ये आत. तू हळूच दोर ओढ, मी वर कान देतो. आवाज कुठून येतो ते तरी कळेल."

"पडले तर तुम्ही काढणार का मला बाहेर?"

"ये तर."

ती कठड्याला धरत आत उतरली. पदर खोचला. एका हाताने डोलकाठी घट्ट धरून तिने दुसऱ्या हाताने दोर ओढला. शीड सरसर वर गेलं, थेट शेंड्यापर्यंत.

ती दचकून थांबली. मग पाण्याकडे बघत म्हणाली, "जडच आहे हो."

पण त्याने कप्पीचा आवाज ऐकला होता. हलका, एकसारखा. लिफ्टच्या कामात असा आवाज आला की बिघाड संपला, असं समजून तो हत्यारं पिशवीत भरत आला होता.

"एका हातानं ओढलंस तू," तो म्हणाला.

वर शीड फडफडत होतं. त्याने उजवी मूठ मिटून पाहिली. शेवटची दोन बोटं तळव्यापर्यंत पोचलीच नाहीत.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"चहाचा कप डाव्या हातात घ्यायला लागलात तेव्हापासून. म्हटलं, आपणहून बोलाल."

"सगळं सोडवून पाहिलं मी. खाच, दोर, कप्पी..." तो थांबला. "हात नाही पाहिला."

"उद्या दाखवून येऊ."

"आणि नाही झाला बरा, तर?"

"तर दोर मी ओढीन. तसंही घरात बसून मी काय करते?"

तो खाली बसला. पुन्हा उठला. धक्क्याला बांधलेली होडी तिचा दोर ताणून मागेपुढे होत होती.

"दोर बांधून टाक तिथं," तो शेवटी म्हणाला. "शीड चढलंच आहे, तर एक चक्कर मारू."

"मला पोहता येत नाही."

"मला तरी कुठं धड येतं."

डॉक्टरांनी या दोघांच्या होडीचा दोर धक्क्यावरून सोडून दिला. त्याने डाव्या हाताने सुकाणू वळवलं, शिडात वारा भरला. समोर बसून बायको उरलेला दोर गुंडाळत होती. लोकरीसारखा गोल, वेड्यावाकड्या फेऱ्यांचा गुंडा. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याने सगळं सोडायला लावून पुन्हा करून घेतलं असतं.

तिने गुंडा पायाशी ठेवला आणि वर पाहिलं. "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," तो म्हणाला.