रबरी पायातलं दुःख

बंद पडलेल्या सिनेमागृहात पडद्याच्या जागी आता एक पांढरी खुर्ची होती आणि खुर्चीत धवलगुरू विराजमान होते. त्यांच्यासमोर काचेचं मोठं पसरट भांडं, त्यात फिक्या पिवळ्या रंगाचं 'वनौषधींचं पाणी' आणि त्या पाण्यात एका बाईचे पाय. सगळी गर्दी श्वास रोखून बघत होती.

"बघा, या माउलीच्या मनातला अंधार बघा," धवलगुरू हळू आवाजात म्हणाले. "डोक्यातून छातीत, छातीतून पोटात, पोटातून पायात. उतरतोय... उतरतोय..."

बाईच्या पावलांभोवती आधी राखाडी धूर पसरल्यासारखं दिसलं आणि बघता बघता पाणी काळंकुट्ट झालं. बाई हुंदके देऊ लागली. पहिल्या रांगेतल्या वकिलाने हात जोडले, त्याच्या शेजारच्या बँकेतल्या साहेबांनी डोळे पुसले. शिकलेली माणसं रडायला लागली की बाकीच्यांना शंका घ्यायची लाज वाटते, हे धवलगुरूंना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते त्यांना पुढे बसवत.

"गोळ्या म्हणजे काय? बूच. आत अंधार सडतोय आणि डॉक्टर वरून बूच मारतोय. ते बूच काढा, मोकळे व्हा."

मागच्या रांगेत बसलेल्या ताईने शेजारी बसलेल्या धाकट्या भावाकडे बघितलं. त्याने बूच काढून तीन आठवडे झाले होते.

दोघंही कृत्रिम पायांच्या कारखान्यात कामाला. ती आलेल्या माणसांची मापं घ्यायची आणि त्यांना पाय बसवून चालायला शिकवायची. तो रबराची पावलं कोरायचा. नखं, टाचेच्या भेगा, बोटांमधल्या फटी, सगळं हुबेहूब. असा हा माणूस गेल्या वर्षी काही कारण नसताना विझत गेला. जेवण सुटलं, झोप उडाली, बोलणं थांबलं. डॉक्टरांनी नैराश्य हा आजार आहे असं सांगितलं, गोळ्या दिल्या, आठवड्यातून एकदा बोलायला बोलावलं. गोळीने तोंड कोरडं पडायला लागलं आणि गुण काही दिसेना. तेवढ्यात कुणीतरी त्याला इथे आणलं. ताईला हे पटलं नव्हतं. पण इथे यायचं म्हणून तो निदान अंथरुणातून उठायचा, दाढी करायचा, आणि तेवढ्यासाठी ती तोंड मिटून बसली.

"उद्या तुझं शेवटचं स्नान," धवलगुरू त्याला म्हणाले. "मग एकांत. बंद खोली, फोन नाही, नातलग नाही. अंधार संपला की दार उघडेल."

"चालेल," तो म्हणाला. तो इतक्या शांतपणे म्हणाला, की ताईने त्याच्याकडे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याचा पहारेकरी तिच्या टेबलाशी आला. एका अपघातात त्याचा डावा पाय गेला होता. आताचा पाय याच कारखान्याचा. त्याने खिशातून एक छोटी सुरी काढली.

"ताई, ही बघा. तुमच्या भावाने मला देऊन टाकली. म्हणाला, काका, मला आता काय लागणार?"

बोटांच्या फटी कोरायची ती सुरी. भाऊ ती कुणाला हात लावू द्यायचा नाही.

पहारेकऱ्याचं आपलं चाललंच होतं. "मीपण परवा जाऊन आलो हो धवलगुरूंकडे. बायको गेल्यापासून मन लागत नाही ना. पण काय गुण आहे. दोन्ही पायांतून काळं निघालं. डाव्यातून तर जास्तच."

"काका, कुठल्या पायातून?"

"डाव्या..." म्हणता म्हणता तो थांबला. त्याने खाली स्वतःच्या बुटाकडे बघितलं.

"तो काढून नव्हता ठेवला?"

"चारचौघांत कशाला काढू? तुमच्या भावाचं काम आहे, कुणाला कळतंय."

"पाण्यात घालायच्या आधी काय केलं?"

"काही नाही. ते ओला टॉवेल हातात देतात, आपले आपण पुसायचे. मी दोन्ही पुसले. तुम्हीच नाही का शिकवलंत, रबराचा पाय आपलाच समजायचा आणि फटीफटीतून नीट पुसायचा?"

ताई खुर्चीवर बसली. खऱ्या पायाला आणि रबराच्या पायाला, पाण्याखेरीज दोन्हींना लागलेली एकच गोष्ट होती. तो टॉवेल.

तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. सुरीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी तिला मध्येच थांबवलं.

"जिवापाड जपलेली वस्तू देऊन टाकणं ही धोक्याची खूण आहे. त्याला अजिबात एकटं सोडू नका. आणि सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्याने डोक्यात खूळ शिरत नाही, उलट माणूस बोलतो. आजच घेऊन या, मी थांबते. त्या बाबाचं पितळ जरूर उघडं पाडा, पण तुमचा भाऊ त्याच्याच आधाराने उभा आहे. तो आधार काढायच्या आधी आपला हात पुढे करा."

दिवसभर तिने भावाला नजरेआड होऊ दिलं नाही, पण शेवटचं स्नान झाल्याशिवाय तो डॉक्टरांकडे यायला तयार होईना. संध्याकाळी तो सिनेमागृहात पाय पुसायला वाकला, तेव्हा तिने त्याच्या हातातला टॉवेल काढून घेतला आणि पिशवीतून दोन रबरी पावलं बाहेर काढली. सभागृहात कुजबुज झाली.

"गुरुजी, आधी यांना स्नान घालते."

ती टॉवेल आणि पाऊल घेऊन भांड्याशी गेली. टॉवेलने तिने पाऊल पुसलं, फटीफटीतून पुसलं आणि पाण्यात धरलं. राखाडी धूर निघाला. पाणी काळं झालं.

लोक थक्क झाले. धवलगुरू मात्र डगमगले नाहीत.

"पाहिलंत? कारागिराचं दुःख त्याच्या वस्तूतसुद्धा उतरतं! या अभाग्याने आपला अंधार त्या रबरात ओतलाय."

माना डोलल्या. वकिलाची तर सगळ्यांत आधी. भावाचा चेहरा पांढराफटक पडला. तो स्वतःच्या हातांकडे बघत राहिला आणि ताईला भीती वाटली, की आपण करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

"मग हे दुसरं," ती म्हणाली. "तोच कारागीर, तोच आठवडा, तेच रबर. याला माझ्या रुमालाने पुसते. पाणी तुमचंच, नवीन भरा."

भांडं भरणारा शिष्य जागचा हलेना. तेव्हा बँकेतले साहेब उठले आणि त्यांनी स्वतः कोपऱ्यातल्या हंड्यातून दुसरं भांडं भरून आणलं. ताईने रुमालाने पुसलेलं पाऊल पाण्यात धरलं. सगळे वाकून बघत होते. पाणी पिवळं होतं आणि पिवळंच राहिलं.

"याला दुःख नाही का?" मागून एक बाई म्हणाली.

ताईने तो टॉवेल उचलला आणि सरळ त्याच पाण्यात पिळला. पाय नाही, माणूस नाही, कुणाचं मन नाही. पाणी शाईसारखं काळं झालं.

खुर्चीमागे लावलेला कापडी पडदा बाजूला केल्यावर सगळा संसार सापडला. मोठ्या पातेल्यात पातळ कोरा चहा, हेच ते वनौषधींचं पाणी. शेजारी बादलीत हिराकस, म्हणजे लोखंडाचा एक क्षार, पाण्यात विरघळवलेला आणि त्यात बुडवलेले टॉवेल. चहातला तुरट अंश आणि लोखंड एकत्र आलं की काळा रंग तयार होतो. पूर्वी लिहायची शाई अशीच बनायची. या गडबडीत धवलगुरू मागच्या दाराने पसार झाले होते.

भाऊ बाहेर पायऱ्यांवर बसला होता. ताई त्याला खेटून बसली.

"म्हणजे माझ्यातलं काहीच बाहेर आलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"सगळं आतच आहे."

"आहे. आणि त्यावर इलाज आहे, बाळ्या. खरा." ती त्याच्याकडे वळली. "मला खरं सांग. मरावंसं वाटतं का?"

त्याने मान हलवली. हो. आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तो रडला. ताईही रडली. मग तिने त्याचा हात धरून त्याला उठवलं आणि दोघं तिथून थेट डॉक्टरांकडे गेली.

तिथे चमत्कार झाला नाही. डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, गुण यायला काही आठवडे लागतील हे आधीच बजावलं आणि मनात आलं म्हणून ती बंद करायची नाही, त्रास झाला तर मला सांगायचं, असं कबूल करून घेतलं. बोलण्याच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या. काही दिवस बरे गेले, काही फार वाईट. वाईट दिवशी ताई नुसती त्याच्या खोलीत बसून राहायची.

काही भक्त अजून म्हणतात, टॉवेल खोटा असेल पण गुरू खरे होते. त्यांना एवढंच सांगायचं, की इलाज खरा की खोटा हे बघायला फार अक्कल लागत नाही, एक पाय रुमालाने पुसून बघायची तयारी लागते. नैराश्य हा आजार आहे. तो पायातून गळून जात नाही, औषधाने आणि बोलण्याने हळूहळू हटतो. एक औषध लागू पडलं नाही तर दुसरं असतं. जो कुणी तुम्हाला गोळ्या टाकून दे आणि घरच्यांना सोडून एकटा ये म्हणेल, त्याच्या दारातूनच मागे फिरा.

दोनेक महिने गेले. एका सकाळी भाऊ कारखान्याच्या फाटकाशी थांबला.

"काका, माझी सुरी द्या. काम पडलंय."

पहारेकऱ्याने ती रोज खिशात बाळगली होती. त्याने ती पुसून त्याच्या हातात ठेवली.