पानांच्या नक्षीचा खिसा

वहिनीची जीभ तिखट आणि मन लोण्यासारखं, असं घरात सगळे म्हणत. अडचण एवढीच, की जीभ चार घरांपलीकडे ऐकू जाई आणि मन कुणाला दिसत नसे.

महिन्यापूर्वी दारातल्या चपलांच्या ढिगात अडखळून ती कडाडली होती, "या घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही." बोलली चपलांना, लागलं नणंदेला. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा ही नणंद शाळेत होती, तिच्या वेण्या वहिनीनेच घातलेल्या. आता ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला होती. तिने गुपचूप लॅबजवळ खोली बघितली. भावाने विचारलं तर म्हणाली, जायला यायला सोयीचं पडेल. रविवारी सामान हलणार होतं.

'जाऊ नकोस' एवढं सांगायला वहिनी दोनदा तिच्या खोलीत गेली आणि दोन्ही वेळा काहीतरी टोचून बोलून परत आली. शेवटी तिने ठरवलं, तोंडाचा काही भरवसा नाही, हातानेच सांगावं.

शनिवारी दुपारी तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर पानाफुलांचे रबरी ठसे मांडले, हिरव्या आणि मोरपंखी शाईच्या डब्या उघडल्या. पहिला ठसा तिने असा काही दाबला, की पानाभोवती रबराची कडही उमटली. मग हात हलका झाला. एकदा शाई लावून ती दोन पानं उमटवू लागली, पहिलं गर्द, दुसरं फिकट. एकामागे एक पानं दाट होत गेली आणि वहिनी चक्क गुणगुणायला लागली. कार्डाच्या खालच्या अर्ध्या भागावर तिने जाड कागदाचा खिसा तीन बाजूंनी चिकटवला. चिठ्ठी लिहिली आणि मावते का बघायला आत सरकवली.

इथे घात झाला. वहिनी कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं बंद करायची. आत काही घातलं की तोंड चिकटवायचं, हे तिच्या हातांच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की डोक्याला न विचारताच त्यांनी चौथ्या कडेलाही गोंद लावला. वर त्या सांध्यावर तिने पानांची एक झकास ओळ उमटवली. खिसा होता हे आता कुणाला सांगूनही पटलं नसतं.

संध्याकाळी कार्ड बघून नणंदेचे डोळे भरले. सुंदर आहे, म्हणाली आणि पर्समध्ये ठेवलं. तिला वाटलं, झालं, आपल्याला फुलापानांनी निरोपही देऊन टाकला. इकडे वहिनी जेवण होईपर्यंत उत्तराची वाट बघत होती. ते येईना, तेव्हा सगळा राग नवऱ्याच्या जेवताना आवाज करण्यावर निघाला.

रविवारी टेम्पो दाराशी लागला आणि वहिनीला राहवेना.

"एवढं लिहिलं मी. एका शब्दाने उत्तर दिलं नाहीस."

नणंदेने पर्समधून कार्ड काढलं. "कुठे लिहिलंस? नुसती पानं तर आहेत."

वहिनीने कार्ड हातात घेतलं, कडेवरून नख फिरवलं आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. ती कात्री आणायला धावली. नणंदेने कार्ड तिच्या हातातून काढून छातीशी धरलं.

"कापू देणार नाही. इतकं निगुतीने माझ्यासाठी कुणी काही केलेलं नाही. आत काय आहे ते तोंडाने सांग."

वहिनीची एरवीची धारदार जीभ टाळ्याला चिकटली. नवरा डोक्यावर गादी घेऊन दारात थांबला. टेम्पोवालाही ऐकू लागला.

"मी चपलांवर ओरडले होते गं त्या दिवशी," वहिनी कशीबशी म्हणाली. "तुझ्यावर नाही. तू जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला करमायचं नाही." आणि ती रडू लागली.

नणंदेने कार्ड जपून पर्समध्ये ठेवलं. मग भावाकडे वळली.

"दादा, ती गादी परत आत ने."

दादा निमूटपणे वळला. वहिनीने पदराने नाक पुसलं आणि त्याच्यावर ओरडली, "अहो, भिंतीला घासू नका, तिला झोपायचंय त्यावर."