करमघाटचं बिऱ्हाड

बाळ राणेने थोरल्या भावाला, सहदेवला, मुलुंडला आणलं ते महिनाभराच्या औषधपाण्यासाठी म्हणून. त्याला परत पाठवायचं नाही, हे मात्र त्याने करमघाटच्या क्वार्टरमध्ये पाऊल ठेवलं तेव्हाच मनाशी ठरवलं होतं.

करमघाट म्हणजे सातपुड्यातलं कोळशाच्या खाणीचं गाव. नागपूरहून गाडी बदलायची आणि मग बसने घाट चढायचा. इंग्रजांच्या काळात एका कंपनीने तिथे डोंगराच्या पोटात बोगदा खणला. बोगद्याच्या तोंडाशी बाजार बसला, वरच्या अंगाला साहेबांचे बंगले झाले आणि खाली ओढ्याकाठी कामगारांच्या लाइनी. पुढे खाण सरकारकडे गेली, साहेब बदलले, पण गाव चालायचं ते भोंग्यावरच. भोंगा झाला की चुली पेटायच्या, भोंगा झाला की काळ्या तोंडाची माणसं बोगद्यातून बाहेर यायची. अवेळी भोंगा झाला तर बायका हातातलं काम टाकून खाणीकडे धावायच्या.

सहदेव तिथे गेला गिरण्यांच्या संपात. राण्यांचं बिऱ्हाड तेव्हा परळच्या चाळीत होतं. सहदेव बदली कामगार, बाळ शाळकरी. संप काही मिटेना. नागपूरकडच्या एका दोस्ताने खाणीत भरती चालू असल्याचं सांगितलं आणि सहदेव वळकटी घेऊन निघाला. संप मिटेपर्यंतच, असं तो आईला म्हणाला होता. त्याच्या खाणीच्या पगारावर बाळचा डिप्लोमा झाला, कांजूरमार्गच्या कारखान्यात बाळला नोकरी लागली, पुढे मुलुंडला फ्लॅट झाला. दादा आपल्यासाठी जमिनीखाली गेला, ही गोष्ट बाळच्या डोक्यातून कधी गेली नाही. दर गणपतीला तो म्हणायचा, "दादा, बस झालं आता. इकडे ये." सहदेव हसून म्हणायचा, "बघूया." वर्षं तशीच गेली. सहदेवला तिथे बरं वाटतं, तो तिथे रमलाय, असं बाळला कधी वाटलंच नाही. खाणीत कोण रमेल?

मग खाण बंद पडली. आतला कोळसा परवडेना म्हणून आता डोंगरच वरून कापून काढायचा, असं कंपनीने ठरवलं. लाइनीतल्या लोकांना क्वार्टरं रिकामी करायच्या नोटिसा आल्या. सहदेवची बायको जानकी वारली त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. फोनवर बाळला सहदेवचा खोकलाच जास्त ऐकू यायचा. एक दिवस तो उठला आणि भावाला आणायला निघाला.

क्वार्टरचं दार उघडंच होतं. आत पन्नाशीतली एक बाई तव्यावर भाकरी टाकत होती. बाळने तिला ओळखलं. ती शेजारची प्रेमा. बरीच वर्षं झाली, खाणीत छत कोसळून तिचा नवरा गेला. सहदेव त्याच पाळीला होता, ढिगाऱ्यातून त्याला बाहेर काढणाऱ्यांत होता. त्यानंतर जानकीनेच प्रेमाला सावरलं, तिच्या सम्यकला पोटच्या पोरासारखं वाढवलं.

"या भाऊजी," प्रेमा म्हणाली. "हात-पाय धुवा. पानच वाढतो."

दोरीवर तिची लुगडी वाळत होती. फळीवर जानकीच्या गणपतीशेजारी बुद्धाची मूर्ती होती आणि दोघांपुढे मिळून एकच दिवा. बाळने भाकरी तशीच ताटात ठेवली. ते सहदेवच्या लक्षात आलं. प्रेमा भांडी घेऊन बाहेर गेल्यावर तो साधेपणाने म्हणाला, "जानकी गेल्यापासून प्रेमा हयच आसा. दोघांनी दोन चुली कशाक पेटवूच्यो?"

लाइनीत कुणालाच यात लपवण्यासारखं वाटत नव्हतं. माणसं येत होती, ओट्यावर बसत होती, प्रेमाच्या हातचा चहा पीत होती. पण बाळच्या डोळ्यांसमोर मुलुंडची सोसायटी आली, गावची भावकी आली. दादा एकटा पडला आणि कुणाच्या तरी आधाराला गेला, आपण वेळेवर आलो असतो तर ही वेळ आली नसती, असं त्याने स्वतःला समजावलं.

निघताना प्रेमाने पिशवीत मोहाची फुलं बांधून दिली. बाळचा नंबर मागून घेतला. "एक महिना ना?" तिने विचारलं.

"हो. तपासण्या झाल्या की येतीलच," बाळ म्हणाला.

मुलुंडला डॉक्टर झाले, एक्स-रे झाले. फुप्फुसात धूळ बसलीय, ती काही निघायची नाही, पण जपलं तर माणूस टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. सिद्धेशने, बाळच्या मुलाने, काकांचा जुना फोन बिघडला म्हणून नव्या नंबराचा नवा आणून दिला. सगळ्यांनी मायेनेच केलं. बाळची बायको नलिनी सहदेवला कुळथाची पिठी करून घालायची. संध्याकाळी बाळ त्याला सोसायटीच्या बाकावर नेऊन बसवायचा. तिथून इमारतींच्या मागे येऊरचे डोंगर दिसायचे. सहदेव तिकडे बघत बसायचा. कुणी विचारलं तर बाळच उत्तर द्यायचा, "माझे मोठे भाऊ. कोल माइन्समधून रिटायर झाले."

जुन्या फोनबरोबर सहदेवकडचे सगळे नंबर गेले. प्रेमाचा फोन यायचा तो बाळच्या मोबाइलवर. पहिल्यांदा आला तेव्हा सहदेव खरोखरच झोपला होता. बाळने तसं सांगितलं. दुसऱ्यांदा आला तेव्हा तो गॅलरीत बसला होता. बाळने तेच उत्तर दिलं.

"आज ना उद्या कळेलच," नलिनी म्हणाली.

"थोडे दिवस जाऊ देत गं. सवय आहे, सुटेल."

"आणि नाही सुटली तर?"

"मग लोकांना काय सांगायचं, ते तू सांग मला."

नलिनी स्वयंपाकघरात निघून गेली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं पुढे तिलाच वाटत राहिलं.

सहदेवने एकदा विचारलं, "प्रेमाचो फोन इलो काय रे?"

"नाय," बाळ म्हणाला.

"तू लावन बघ."

बाळने नंबर लावल्यासारखं केलं. "लागत नाय दादा. तिकडे रेंजची बोंब आहे."

नंतर सहदेवने आणखी एकदा विचारलं. मग विचारणं सोडलं. महिन्याचे कितीतरी महिने झाले. बाळला वाटलं, रुळला. खरं तर सहदेव हळूहळू बोलायचाच थांबला होता. पण तो मुळातच कमी बोलणारा, म्हणून ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

नोव्हेंबरात एका दुपारी बाळ आंघोळीला गेला होता आणि मोबाइल टेबलावर वाजला. सिद्धेशची बायको श्रुतिका त्या दिवशी घरूनच काम करत होती. तिने फोन घेतला.

"थोरले राणेसाहेब आहेत का जी?" पलीकडून बाईचा आवाज आला. "मी करमघाटहून प्रेमा. त्यांना एवढंच सांगा, लाइन पाडून राहिले. आमची रांग पुढच्या आठवड्यात. त्यांचं सामान मी काढून ठेवतो. बोलायचं नसंल तर नको, पन निरोप द्या."

श्रुतिकाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ती सरळ गॅलरीत गेली. "काका, कोणी प्रेमा म्हणून आहेत. फोनवर आहेत."

सहदेव इतक्या घाईने उठला की त्याला धाप लागली. खोकल्याची उबळ आली ती थांबेना. श्रुतिका पाणी आणायला धावली तोवर पलीकडून फोन ठेवला गेला. बाळ टॉवेल गुंडाळून बाहेर आला तेव्हा सहदेव खुर्चीत बसून फोन दोन्ही हातांत धरून होता.

"बाबा, त्या म्हणाल्या, बोलायचं नसेल तर नको," श्रुतिका गोंधळून म्हणाली. "असं का म्हणाल्या?"

सहदेवने बाळकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बाळला सोपं गेलं असतं.

"बाळ," तो म्हणाला, "माका थय घेऊन चल."

बाळने लगेच हो म्हटलं, आणि या वेळी मनापासून म्हटलं. पण त्या उबळीने सहदेव आजारीच पडला. ताप आला, हॉस्पिटलात ठेवावं लागलं. डॉक्टर प्रवासाचं नाव काढू देईनात. सिद्धेशने परत फोन लावला तेव्हा प्रेमाचा नंबर बंद होता. थंडी गेली, मार्च उजाडला, तेव्हा कुठे दोघे भाऊ नागपूरच्या गाडीत बसले.

घाट चढून बस करमघाटला थांबली. सहदेव खाली उतरला आणि उभाच राहिला. बाजार होता. शाळेची इमारत होती, दारं-खिडक्या काढून नेलेली. त्यापुढे जिथे उतारावर लाइनी होत्या तिथे सपाट लाल माती होती आणि डंपर ये-जा करत होते. वरच्या डोंगराचा एक अख्खा खांदा कापला गेला होता. आत काळे थर दिसत होते. आयुष्यभर ज्या कोळशाकडे सहदेव वाकून, बोगद्यातून गेला, तो आता उन्हात उघडा पडला होता.

"हय आमची रांग होती," तो बोट दाखवत म्हणाला, पण बोट नेमकं कुठे ठेवावं ते त्याला कळेना. खुणेला झाडसुद्धा उरलं नव्हतं.

चहाच्या टपरीवाल्याने सांगितलं, लाइनीतली माणसं कुठेकुठे पांगली. कोणी नागपूरला गेलं, कोणी गावाकडे. प्रेमा खालच्या नव्या वसाहतीत आहे, मुलाकडे.

वसाहतीतली घरं एकसारखी, एका खोलीची. सम्यकने दार उघडलं आणि "मोठे बाबा" म्हणत तो सहदेवच्या पाया पडला. तो आता डंपरवर ड्रायव्हर होता. त्याची बायको, लहान मूल, प्रेमा, सगळे त्या एका खोलीत. प्रेमाला चष्मा लागला होता. ती सहदेवकडे बघत राहिली.

"वाळले," ती म्हणाली. मग स्टोव्हकडे वळली आणि चहाचं आधण ठेवलं. पाठमोरी राहूनच तिने विचारलं, "मी एवढे फोन केले. काहून बोलले नाही?"

सहदेवने खाली पाहिलं. तो भावाचं नाव घेणार नाही, हे बाळला कळलं.

"त्यांना कळलंच नाही," बाळ म्हणाला. "मी दिला नाही फोन. ते विचारायचे. मी नाही म्हणून सांगायचो."

प्रेमा वळली. मग पदराने चष्मा पुसत म्हणाली, "मले वाटलं, आपल्या मानसांत गेले, आता लाज वाटत असंल. ते घर पाडलं त्या दिवशी मी तिथं उभी होतो. वाटलं, बरं झालं, पाडलं ते." ती थांबली. "तसं वाटायला नको होतं मले."

चहा झाला. सम्यकचं मूल सहदेवच्या मांडीवर येऊन बसलं. बाळला राहवेना.

"तुम्ही मुलुंडला चला आमच्याबरोबर. घर मोठं आहे. मी सगळ्यांशी बोलतो," तो म्हणाला.

प्रेमा हसली. त्यात कडवटपणा नव्हता. "तिथं मी कोण म्हनून येऊ, भाऊजी? इथं कोनी विचारलं नाही कधी. सगळ्यांना ठाऊक होतं. तिथं जिना चढताना दर मजल्यावर सांगावं लागंल. या वयात नाही जमत."

"मग मीच हय रवतंय," सहदेव म्हणाला.

सम्यकने बायकोकडे पाहिलं. खोलीत खाट एकच होती. बाहेरून डंपर गेला आणि उंबऱ्यावर धुळीचा थर बसला. सहदेवला खोकला आला. तो ओसरेपर्यंत प्रेमा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"इथली हवा तुमाले नाही चालनार आता," ती म्हणाली. "क्वार्टर असतं तर गोष्ट वेगळी होती. मी पाहिलं असतं."

परतीच्या गाडीत दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. वर्धा मागे पडल्यावर बाळ म्हणाला, "दादा, चुकलं माझं."

"ठावक आसा माका," सहदेव म्हणाला. "तू माझ्या बऱ्यासाठीच केलंस. वाईटासाठी केलं असतंस तर तुझ्याशी भांडलंय तरी असतंय."

एवढं बोलून त्याने शाल अंगावर ओढली आणि खिडकीकडे तोंड केलं. मुलुंडला आल्यावर तो पूर्वीसारखाच राहू लागला, वेळेवर गोळ्या घेऊ लागला, नलिनीने वाढलेलं सगळं खाऊ लागला. मे महिन्यात सोसायटीत नवे शेजारी आले. त्यांनी बाकावर बसलेल्या सहदेवला विचारलं, काका, घरी कोण कोण असतं तुमच्या?

बाळ शेजारीच होता. तो उत्तर द्यायला गेला नाही. सहदेव जरा थांबला.

"माझी घरवाली सातपुड्यात असते," तो म्हणाला. "प्रेमा तिचं नाव."