ताट घासेल त्याला मत

मी जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र आणि अर्थशास्त्र शिकवलं. राजेशाही, हुकूमशाही, लोकशाही. खुला बाजार, सरकारी बाजार. फळ्यावर तक्ते काढले, पोरांनी ते पाठ केले आणि परीक्षा झाली तसे विसरले. खरा प्रयोग मी घरी केला.

आमच्या घरात लोकशाही होती. जेवायला काय करायचं, भिंतींना रंग कोणता द्यायचा, सगळं हात वर करून ठरायचं. मताला वयाची अट नव्हती. जो आपलं ताट आपण घासेल, त्याला मत. लेक एवढीशी असताना स्टुलावर चढून ताट घासायला लागली आणि मी जो अल्पमतात गेलो तो गेलोच. बायकोचा कारभार म्हणजे सरकारी नियोजन. साखरेचा डबा तिच्या परवानगीशिवाय उघडत नसे. लेक पक्की खुल्या बाजारातली. भांड्यांची आपली पाळी ती एक चॉकलेट देऊन माझ्या गळ्यात घालायची. दोघी मिळून मला हरवायच्या. मी तणतणायचो आणि मग त्यांच्याच पसंतीचं जेवण दोनदा वाढून घ्यायचो. निकाल लागल्यावर कुरकुर करायची नाही, हा नियमही माझाच.

बायको गेली. लेक परगावी संसारात. आता एकटा जीव सदाशिव. राजा मी, प्रजा मी, विरोधी पक्षही मीच. माझ्या तक्त्यांत हे कुठेच बसत नाही, कारण कुठल्याही पद्धतीला निदान दोन माणसं लागतात. हुकूमशहालासुद्धा हुकूम ऐकणारं कुणीतरी हवं. साखरेचा डबा दिवसभर उघडा असतो आणि चहा गोड लागत नाही. मला फार एकटं वाटतं. पण लेकीने "इकडे या" म्हटलं की "माझं इथे झकास चाललंय" हेच तोंडातून निघतं. मोडेन पण वाकणार नाही, त्यातला मी.

काल संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला.

"बाबा, आम्ही घर बदलतोय. तुम्ही येणार असाल तर तीन खोल्यांचं घेतो, नाहीतर दोन पुरतात. घरमालकाला आजच सांगायचंय. शेवटचं विचारते."

"माझं इथे झकास..."

"मत घेऊ या. माझं मत, तुम्ही यावं."

"माझं मत, नाही," मी म्हणालो. झाली बरोबरी; जावई ताट घासत नाहीत, म्हणून त्यांना मत नाही. आणि तेवढ्यात मला युक्ती सुचली. नात होती की! तिचं मत पडलं असतं तर मी नेहमीसारखा हरलो असतो. हट्टही राहिला असता आणि सामानही बांधता आलं असतं.

"तुझ्या लेकीला मत आहे का?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ती कुठली ताट घासते!"

"आत्ता घासू दे. नियम म्हणजे नियम."

नात धावत आली. लेकीने फोन ओट्यावर उभा केला. पोरीने कोपरापर्यंत फेस केला, ताट उलटंपालटं करून घासलं आणि पुसून कॅमेऱ्यासमोर धरलं. इकडे मी मनात पेटी काढून कपडे भरायला घेतले होते. बायकोची शाल वर ठेवायची, चुरगळायला नको.

"आता सांग," लेक तिला म्हणाली. "आजोबांनी यावं की नाही?"

नातीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई सांगते, आजोबा नेहमी हरायचे," ती म्हणाली. "दर वेळी. मला वाईट वाटतं." आणि तिने हात वर केला. "मी आजोबांच्या बाजूने. त्यांना तिथेच राहायचंय ना, मग राहू दे."

ओल्या हातावरचा फेस तिच्या कोपराकडे ओघळत होता.

"बाबा?" लेकीचा आवाज बारीक झाला. "नक्की ना?"

एक शब्द पुरला असता. पण पोरगी केवढी हसत होती. तिचं पहिलं मत, आणि ते तिने मला दिलं होतं. ते खोटं कसं पाडू?

"बहुमत आहे," मी म्हणालो. "कुरकुर करायची नाही."

"आजोबा, जिंकलात!" नात ओरडली. मी दोन्ही हात वर करून तिला दाखवले. फोन बंद झाल्यावरही ते थोडा वेळ वरच होते.

मग बटाटे उकडले, जेवलो आणि माझं ताट घासून ठेवलं.