चोच मिटलेली गरुडीण

‘गरुडामागे बाहेरचं माणूस उभं राहत नाही.’

आमच्या चर्चमधला हा नियम. तो कुठेही लिहिलेला नाही, त्यामुळे तो खोडताही येत नाही. आणि ‘का?’ असं विचारायचं नाही. विचारलं की म्हातारी माणसं खिडकीबाहेर समुद्राकडे बघायला लागतात, जणू तिकडे एखादी होडी बुडतेय.

तो गरुड म्हणजे मी. अंगाने पितळेची, उंचीने माणसाच्या छातीपर्यंत. पायाखाली एक गोळा आणि पसरलेल्या पंखांवर पवित्र शास्त्राचं जाडजूड पुस्तक. ज्याला उपासनेत वाचायचं असतं तो माझ्यामागे येऊन उभा राहतो. सगळे मला ‘तो’ म्हणतात. मला कुणी विचारलं नाही. पण आज मी बोलतेय, तेव्हा आजच्यापुरतं तरी ‘ती’ म्हणा. रविवारच्या वर्गातली पोरं मला कोंबडी म्हणतात. तेही एक वेळ चालेल.

पोरांचं काही चुकत नाही. माझा जन्म बोस्टनच्या एका ओतशाळेत झाला. ज्या ओताऱ्याने मला घडवलं, त्याने आयुष्यात गरुड पाहिला नव्हता. कोंबड्या मात्र पाळल्या होत्या. आराखड्यात माझी चोच उघडी होती. ओतताना पितळ जरा जास्त झालं आणि ती मिटून गेली. ओतारी थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, “बरंच झालं. चर्चमध्ये बोलायला माणसं पुष्कळ असतात.”

एका जहाजमालकाच्या विधवेने नवऱ्याच्या स्मरणार्थ मला इथे, अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या थॉर्न हार्बरला आणलं. नवरा म्हणे फारसा बोलत नसे. मी त्याची योग्य आठवण ठरले.

थॉर्न हार्बरमध्ये माणसांचे दोनच प्रकार: इथली आणि बाहेरची. ज्यांचे आजोबा टेकडीवरच्या दफनभूमीत आहेत ती इथली. बाकी सगळी बाहेरची. एका माणसाला त्याची आई तान्हेपणी घेऊन इथे आली. तो इथेच वाढला, इथेच म्हातारा झाला, इथेच गेला. त्याच्या अंत्यविधीला एव्हरेट स्प्रेग माझ्यामागे उभा राहून म्हणाला, “चांगला माणूस होता. बाहेरचा असूनही.” आणि सगळ्यांनी मनापासून माना डोलावल्या.

एव्हरेट पूर्वी होड्या बांधायचा. आता तो चर्चला ऊब देणारा बॉयलर सांभाळतो आणि बॉयलरला शिव्या देऊन झाल्या की हात धुऊन प्रार्थना म्हणतो. कारण आमच्याकडे आता पाळक उरलेला नाही. एक पाळकबाई महिन्यातून एकदा येतात, तीन गावं एका सकाळी उरकतात आणि मोजे बदलायलाही थांबत नाहीत. उरलेल्या रविवारी सगळा कारभार आमच्याच माणसांचा. आमचा पंथ एपिस्कोपल, त्यात तशी मुभा आहे. सकाळची प्रार्थना कुणीही साधा माणूस म्हणू शकतो.

फक्त एका शब्दाची मेख आहे. सगळे गुडघे टेकून पापांची कबुली देतात, मग क्षमेची प्रार्थना येते. पाळक असेल तर तो म्हणतो, ‘देव तुम्हाला क्षमा करो.’ पाळक नसेल, तर वाचणाऱ्याने ‘तुम्हाला’ म्हणायचं नाही. तिथे ‘आपल्याला’ म्हणायचं. तोही त्या गर्दीतलाच एक पापी ना! ही सूचना प्रार्थनेच्या पुस्तकात तिरप्या अक्षरांत छापलेली आहे. प्रत्येक बाकावर ते पुस्तक आहे. ते कुणी वाचत नाही, कारण सगळ्यांना पाठ आहे.

एव्हरेट कित्येक वर्षं छाती काढून ‘तुम्हाला’ म्हणत आला. पाळकबाईंना हे कधी कळलं नाही, कारण त्या आल्या की तो वाचतच नाही. अशा रीतीने आमच्या गावात दर रविवारी सगळ्यांना क्षमा मिळत गेली, एकट्या एव्हरेटला सोडून.

आणखी एक गंमत. या लोकांच्या भाषेत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ या दोन्हींना मिळून एकच शब्द आहे. तुमचं बरं आहे, तुम्हाला शब्द ऐकला की कळतं आपण आत आहोत की बाहेर. इथे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून ओळखावं लागतं. मी बघत आलेय. थॉर्न हार्बरमध्ये तो शब्द निघाला की बहुतेक वेळा ‘आम्ही’च असतो.

मिर्लांद मार्सलँ हे तिसऱ्याच रविवारी ओळखून चुकली. ती इथल्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवते. जन्म हैतीचा, बाप्तिस्मा तिथल्याच एपिस्कोपल चर्चमधला. हेच प्रार्थनेचं पुस्तक, फक्त फ्रेंचमध्ये. वाढली मात्र बोस्टनला. म्हणजे माझ्याच गावची! ते ऐकलं तेव्हा माझ्या लक्षात आलं, की अरे, मीसुद्धा बाहेरचीच की.

इथे लोक कुणाला हाकलत नाहीत. फार गोड वागतात. उपासनेनंतर शेजारच्या हॉलमध्ये कॉफी असते. मधलं दार उघडं असतं, मला सगळं ऐकू येतं. भिंतीवर खुंट्या आहेत, प्रत्येक खुंटीखाली नाव, आणि तिथे ज्याचा त्याचा मग. पाहुण्यांना कागदी कप. मिर्लांद दोन वर्षं कागदी कपातून कॉफी पितेय.

“पाहुणी आलीस का, बाळ?” असं लॉरेन पेटिंगिलने तिला विचारलं. लॉरेन आमच्या कारभारी मंडळाची मुख्य.

“नाही, मिसेस पेटिंगिल. गेल्या रविवारीही मीच होते. भांडी मी धुतली.”

“हो का? छान धुतलीस हं.”

मग लॉरेनने तिला पितळेची पॉलिश आणि एक फडकं दिलं. बाहेरच्या माणसाला थॉर्न हार्बरमध्ये देता येणारा सगळ्यात मोठा मान तोच. गरुड पुसायला बाहेरचा हात चालतो. वाचायलाच तेवढा चालत नाही.

दर शनिवारी त्या दोघी मिळून मला पुसायच्या. लॉरेन डावा पंख, मिर्लांद उजवा. एकदा पुसता पुसता लॉरेन म्हणाली, “ती पाण्याची टाकी दिसतेय ना, खाडीपलीकडे? ते माझं माहेर.”

“म्हणजे तुम्ही इथल्या नाही?”

“मी लग्न करून आले,” लॉरेन म्हणाली आणि पंख जरा जास्तच जोरात घासू लागली.

मिर्लांदला जे माहीत नाही, ते मला माहीत आहे. नवी नवरी होती तेव्हा लॉरेनलाही सासूने हेच फडकं दिलं होतं आणि हाच नियम सांगितला होता. एकदा चर्चमध्ये कुणी नाहीसं बघून ती माझ्यामागे उभी राहिली. पुस्तक उघडलं. श्वास घेतला. तेवढ्यात दार वाजलं आणि ती पटकन माझी मान पुसू लागली. त्यानंतर ती इथली मुख्य कारभारीण झाली, पण माझ्यामागे पुन्हा कधी उभी राहिली नाही. नियम मोडू न शकलेल्या माणसाइतका कडक राखणदार दुसरा नसतो.

एव्हरेटची चूक मिर्लांदने एका रविवारी दारातच पकडली.

“मिस्टर स्प्रेग, तिथे ‘तुम्हाला’ नाही, ‘आपल्याला’ म्हणायचं असतं.”

“पोरी, मी तुझ्या जन्माआधीपासून असंच म्हणतोय.”

“म्हणजे माझ्या जन्माआधीपासून तुम्हाला क्षमाच मिळालेली नाही.”

एव्हरेटने टोपी डोक्यावर ठेवली. “माझी बायको हेच म्हणायची,” तो पुटपुटला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी पुन्हा ‘तुम्हाला’च म्हणाला. जरा जास्तच मोठ्याने.

मग या शरद ऋतूत एव्हरेटच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वेळ आली. शस्त्रक्रिया शुक्रवारी, आणि डॉक्टरांनी पुढे काही आठवडे वाचायला सक्त मनाई केलेली. त्या आठवड्यात हॉलचा बॉयलर बंद होता, म्हणून मंडळाची बैठक चर्चमध्ये भरली. बोलायचं तर जवळ बसणं भाग होतं. पहिल्या बाकावर माणसं बसलेली मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. सगळे इतके अवघडले होते, जणू कुणाच्या तरी मांडीवर बसलेत.

“मग रविवारी कोण वाचणार?” लॉरेनने विचारलं.

“मी वाचते,” मिर्लांद म्हणाली. “बिशपकडचं प्रशिक्षण मी उन्हाळ्यात पूर्ण केलंय. परवानगीही आहे.”

सगळे समुद्राकडे बघू लागले.

“तुझा उत्साह मला फार आवडतो, बाळ,” लॉरेन म्हणाली. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो.

“दुसरं कुणी तयार आहे का?” मिर्लांदने विचारलं. ती वर्गात विचारते तसंच असणार, कारण एव्हरेटने शाळकरी पोरासारखे पाय बाकाखाली ओढून घेतले. कुणी हात वर केला नाही.

शेवटी लॉरेनने तोडगा काढला. तोडगे काढण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. “गायकांचा लोखंडी स्टँड आहे ना? तो खाली, पहिल्या बाकाशेजारी ठेवू. मिर्लांद तिथून वाचेल. एव्हरेटचे डोळे बरे होईपर्यंत. गरुडामागे नको. लोकांना सवय नाही.”

“उत्तम!” एव्हरेट म्हणाला. “आम्ही काही जुनाट विचारांचे नाही.”

शनिवारी मिर्लांद एकटीच मला पुसायला आली आणि माझ्याशी बोलली. घरात कुणी नसलं की मांजराशी बोलतात तशी. “उद्या काय ते ठरेल,” ती म्हणाली. “मला इथलं सगळं आवडतं गं. ही थंडी आवडते, त्या एव्हरेटचं ते गुरगुरणंसुद्धा आवडतं. पण जन्मभर कागदी कपातून प्यायला मी काही सहलीला आलेले नाही. उद्या त्यांनी मला खाली उतरवलं तर मी परत येणार नाही.”

तिने मला ‘गं’ म्हटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

रविवार उजाडला. लोखंडी स्टँड पहिल्या बाकाशेजारी मांडला होता, लॉरेनने त्यावर एक स्वच्छ रुमालही घातला होता. एव्हरेट डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवून हजर. माणसं सवयीप्रमाणे मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसली. मिर्लांद मधल्या वाटेने आली, स्टँडपाशी थांबली, रुमालाची घडी नीट केली. आणि तीन पायऱ्या चढून माझ्यामागे येऊन उभी राहिली. तिचे हात माझ्या पंखांवर होते. गार पडलेले.

लॉरेन उठली. “बाळ, स्टँड इकडे आहे.”

“पाहिला, मिसेस पेटिंगिल. रुमाल छान आहे.”

“मग खाली ये.”

“नाही.”

असा साधा ‘नाही’ या छपराखाली कुणी ऐकला नव्हता. आमच्याकडे नकारसुद्धा उत्साहाचं कौतुक करून देतात.

“आम्ही इथे असं करत नाही,” लॉरेन म्हणाली.

“आम्ही म्हणजे कोण?” मिर्लांदचा आवाज चढला. “तुमचं माहेर त्या खिडकीतून दिसतं. हा गरुड बोस्टनचा आहे, खाली पायथ्याशी कोरलंय, दर शनिवारी मी ते पुसते. देव तर त्याहून लांबचा. मग इथलं आहे तरी कोण? तो बॉयलर?”

मागून कुणीतरी खोकून हसू दाबलं. बहुधा एव्हरेट.

“तुम्ही इथून कधी वाचलंत, मिसेस पेटिंगिल?” आता तिचा आवाज खाली आला होता. “एकदा तरी?”

लॉरेनने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ती समुद्राकडे बघेल. पण तिने माझ्याकडे बघितलं.

“पुसायला इथली आणि वाचायला बाहेरची, अशी अर्धीमुर्धी मी राहणार नाही,” मिर्लांद म्हणाली. “नको असेन तर आत्ता सांगा. पुस्तक मिटते आणि जाते. पण खाली उतरून वाचणार नाही.”

लॉरेन उभीच.

मिर्लांदने थोडं थांबून प्रार्थना सुरू केली. पापांच्या कबुलीची वेळ आली तेव्हा सगळ्यांचे गुडघे आपोआप टेकले गेले. डोकी भांडत असली तरी गुडघ्यांना सवय असते. लॉरेनही टेकली, जिथे उभी होती तिथेच, पहिल्या बाकाशेजारी, त्या रिकाम्या स्टँडच्या पायाशी. सगळ्यांनी मिळून कबुली दिली. मग मिर्लांद सरळ झाली, आणि तिने तो शब्द म्हटला. हळू, अगदी स्पष्ट.

“देव आपल्याला क्षमा करो. आपल्या सगळ्यांना.”

यावर सगळ्यांनी ‘आमेन’ म्हणायचं असतं. पाठच आहे ते. पण त्या एका शब्दाला सगळे अडखळले. लॉरेनची मान खाली. एव्हरेटचा एक उघडा डोळा माझ्याकडे, तोंड अर्धवट उघडं, आणि चेहरा असा, जणू कुणीतरी कितीतरी वर्षांनी त्याला नावाने हाक मारलीय.

ही पोरगी अजून माझ्यामागे उभी आहे. तिचे हात अजून माझ्या पंखांवर आहेत, मघापेक्षा थोडे कमी गार. ती वाट बघतेय. म्हणा ना कुणीतरी ‘आमेन’. मी केव्हाच म्हटलं असतं, पण काय करू, माझी चोच मिटलेली आहे. तुमची तर नाही ना?