कुशीतल्या अस्वलाचं पान

मी पुस्तक बोलतोय. पण अक्षरांनी गच्च भरलेलं, जाडजूड पुस्तक डोळ्यांसमोर आणू नका. मी चित्रांचं पुस्तक. माझ्या पानापानावर दोन वेण्यांची एकच मुलगी आहे. एका पानावर ती हसते, एकावर चिडते, एकावर पांघरुणात तोंड लपवून घाबरते, एकावर रडते. प्रत्येक चित्राखाली एकच ओळ. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी मला काढलंय, आणि माझे हाल केले ते वाचता येणाऱ्यांनी. तेच सांगायचंय.

माझा जन्म नागपूरच्या एका छापखान्यात झाला. कोरा होतो तेव्हा काय रुबाब होता माझा! कव्हर असं चकचकीत, की छापखान्यातला माणूससुद्धा हात पुसून उचलायचा. त्यातही मला एका पानाचा भारी अभिमान होता. त्या पानावर एक गुबगुबीत, तपकिरी अस्वल मांडी घालून बसलंय आणि ती मुलगी त्याच्या कुशीत शिरलीय. खाली लिहिलंय, ‘कुशीत शिरलं की छान वाटतं.’ सगळ्यांत गोड पान म्हणून तेच शेवटी ठेवलेलं. ज्या बाईंनी ते काढलं त्यांनी अस्वल फक्त दुकानातलं पाहिलं असणार, कापसाचं. त्यांची तरी काय चूक? मीही तोवर दुसरं अस्वल ऐकलं नव्हतं.

मला प्राचीनं आणलं. ही गोंदियाजवळच्या फुलचूरची मुलगी, एका संस्थेत काम करते, अंगणवाड्यांना पुस्तकं वाटते. स्कूटीवर पिशवी अडकवून ती चिचगडच्या पुढं, जंगलातल्या एका गावात आली. तिथल्या अंगणवाडीच्या सेविका शामकलाबाई. प्राचीनं मला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाली, “दीदी, बच्चे लोगांना हात लावू द्या बरं. त्यांना राग आला, डर वाटला, तर त्यांना सांगता नाही येत. चित्रावर बोट ठेवून सांगतात ते. फाटलं तर फाटू द्या, टेन्शन नका घेऊ.”

“हो हो मॅडम, काऊन नाही,” शामकलाबाई म्हणाल्या. प्राचीची स्कूटी वळणाआड गेली, आणि बाईंनी मला लोखंडी पेटीत घातलं, कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्राला अडकवली.

घ्या! लेकरांसाठी आलेलं पुस्तक, आणि लेकरांपासूनच लपवून ठेवलेलं. पण बाई वाईट नव्हत्या हो. मागे एका पोरानं अंगणवाडीचा तक्ता फाडला होता, तेव्हा तपासणीला आलेल्या सुपरवायझर मॅडमनी सगळ्या गावासमोर त्यांना बोल लावला होता. त्याचा धसका त्यांनी घेतला होता. या गावांमधून नवी वस्तू अशीच जपतात. वापरून खराब करण्यापेक्षा न वापरता नवी ठेवतात. माझ्या शेजारी पेटीत एक रंगीत चेंडू होता. त्याला तर जमीन कशी असते तेही माहीत नव्हतं.

पेटीत दिसत काही नसलं तरी ऐकू सगळं येतं. तिथंच मी खुशबूचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

खुशबू म्हणजे लखनची थोरली पोर, चार वर्षांची. मी गावात येण्याआधीच्या मोहफुलांच्या दिवसांत तिची आई फुलवंता बाळंतीण होती, म्हणून लखन एकटाच पहाटे मोह वेचायला जायचा. एके दिवशी पोर मागं लागली, म्हणून तिलाही खांद्यावर घेऊन गेला. झाडाखालचा पाला त्यानं आदल्या दिवशी जाळून जागा साफ केली होती. पण गळालेला मोह माणसांना हवा तसाच अस्वलालाही हवा असतो. टोपली अर्धी भरली असेल-नसेल, झुडपातून अस्वल आलं. लखननं पोरीला झाडाच्या बेचक्यात वर बसवलं. स्वतःला मात्र वर चढायला वेळ मिळाला नाही. गावकरी धावत पोचले तेव्हा खाली जे होतं ते मी सांगणार नाही. पोर वर बेचक्यात बसलेली होती, ओठ घट्ट मिटून. ती रडतही नव्हती. त्या दिवसापासून तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही.

हे सगळं बाया कुजबुजत सांगायच्या, आणि खुशबू तिथंच भिंतीला टेकून बसलेली असायची. मोठ्या माणसांचं हे मला कधी कळलं नाही. लहान मुलासमोर ती अशी बोलतात, जणू त्याला कानच नाहीत.

“तिले का समजते? लहान हाय,” एक म्हणायची.

“तिले सांगतलं नाही ना कोनी?”

“नाही वो. बाबा नागपूरले गेला कामाले, येईल, असं सांगतलं हाय. जंगलूबाबानं सगळ्यायले ताकीद देल्ली, लखनचं नाव काढू नोका मनून.”

जंगलूबाबा म्हणजे लखनचा म्हातारा बाप. त्याची पक्की समजूत, जंगलात असं मरण आलेल्याचं नाव घरात घेतलं तर घरावर पुन्हा तेच संकट येतं. आणि नाव नाही काढलं तर पोर विसरेल. सगळं घर नाव गिळून बसलं. फुलवंताला रडू आलं की ती मोरीत जाऊन रडायची, खुशबूनं विचारलं तर काय सांगायचं, या भीतीनं. खुशबू कुठं विचारत होती म्हणा!

पावसाळा गेला, धान कापून झाला, तरी मी पेटीतच. मग एक दिवस सुपरवायझर मॅडम येणार म्हणून बाईंनी मला बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं, आणि पोरांसमोर चटईवर मांडलं. मॅडम आल्या, फोटो काढला, चहा पिऊन गेल्या. बाई त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेल्या आणि मी तसाच चटईवर राहिलो.

बापा रे, काय झुंबड उडाली! पिंटूनं मला उलटं धरलं. टिंकूनं माझा कोपरा चाटून पाहिला. रडणाऱ्या मुलीच्या पानावर तिच्या हातातलं आइसक्रीम खाली पडलंय. पिंटू म्हणाला, “हे काऊन रडून राहिली? उचलून खाय ना!” सगळे खदखदून हसले. इतक्या महिन्यांनी माझ्या पानांना वारा लागला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

आणि मग कुणीतरी शेवटचं पान उघडलं.

“अस्वल!” टिंकू ओरडला आणि लगेच गप्प झाला. सगळ्या पोरांनी वळून खुशबूकडे पाहिलं. कुणी त्यांना काही शिकवलं नव्हतं, पण त्यांना सगळं माहीत होतं.

खुशबू भिंतीपासून उठली. माझ्यासमोर येऊन बसली. माझ्या त्या लाडक्या पानाकडे, अस्वलाच्या मांडीवर हसणाऱ्या मुलीकडे ती किती तरी वेळ बघत राहिली. मग तिनं नखानं अस्वलाचं तोंड खरवडायला सुरुवात केली. आधी हळू, मग जोरात, मग दोन्ही हातांनी. कागदाचा भुगा पडू लागला. तिचं तोंड उघडलं होतं, आणि त्यातून आवाज येत नव्हता. मला दुखलं का? दुखलं. पण देवाशपथ सांगतो, मला वाटत होतं, खरवड पोरी, सगळं खरवडून काढ.

तेवढ्यात बाई आल्या. “अगं अगं अगं! फाडून टाकलं वो! कायले हात लावला?” असं म्हणत त्यांनी मला हिसकावलं आणि पोरीच्या हातावर एक चापट मारली.

खुशबू रडली नाही. तिनं आपलाच हात आपल्या तोंडावर दाबून धरला. लाजली असेल, असं मला वाटलं. माझ्यात लाजण्याचंही एक पान आहे ना, म्हणून. सगळं मला कळतं, असा माझा तोरा होता तेव्हा.

मी पुन्हा पेटीत. पण त्या दिवशी बाईंनी झाकण लावलं ते लगेच पुन्हा उघडलं. खरवडलेल्या पानावरून बोट फिरवत तशाच बसल्या. अंगणवाडीची मदतनीस घरी गेली, त्या बसूनच. मग एकदम उठल्या, मला पदराखाली धरलं आणि लखनच्या घरी गेल्या.

जंगलूबाबा अंगणात बांबूच्या पट्ट्या काढत बसला होता. फुलवंता तान्ह्याला पाजत होती. खुशबू तिच्या पाठीला पाठ लावून बसलेली.

बाईंनी पान उघडून दाखवलं. म्हाताऱ्यानं मान फिरवली.

“हे कायले आनलंत, बाई? पोरगी इसरून राहिली. कायले आठोन करून देता?”

“इसरली नाही, बाबा. पाहा तं खरं. हे तिनं केलं. आन् मी तिले मारलं,” बाई म्हणाल्या. “पुस्तक फाटलं मनून मारलं मी तिले.”

फुलवंतानं बाळाला खाली ठेवलं. मला हातात घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचायचं काही नव्हतंही. अस्वलाच्या तोंडाच्या जागी पांढरा खड्डा होता. तिनं खुशबूला मांडीवर ओढलं आणि मी दोघींच्या मध्ये आलो. फुलवंता एकेक पान उलटत गेली. पांघरुणात घाबरलेल्या मुलीचं पान आलं तेव्हा खुशबूनं आईचा हात धरला. पुढं जाऊ देईना.

“भेव लागते काय तुले?” फुलवंतानं विचारलं.

मान हलली.

“मग सांगत काऊन नाहीस, माय? मले तरी सांग.”

खुशबूनं चित्रातल्या मुलीच्या झाकलेल्या तोंडावर बोट ठेवलं. मग आईच्या कानाजवळ तोंड नेलं. मी मध्ये होतो म्हणून मला ऐकू आलं. इतके महिने न वापरलेला आवाज खरखरीत झाला होता.

“बाबा नागपूरहून कवा येते?”

फुलवंतानं म्हाताऱ्याकडे पाहिलं.

“त्यानं मनलं होतं,” खुशबू म्हणाली. “झाडावर बसवलं तवा. चूप राय, आवाज नोको करू. मी सांगतो तवा बोलजो.”

ती लाजली नव्हती, मुकी झाली नव्हती, विसरली तर मुळीच नव्हती. बापानं सांगितलेलं ऐकत होती. आणि हे सगळे शहाणे तिला सांगत होते की बाप येईल. मग ती कशी बोलणार? तो येऊन सांगेपर्यंत ती गप्प राहणार होती. दहा वर्षं राहिली असती.

तेव्हा जंगलूबाबा उठला. हातातली बांबूची पट्टी त्यानं खाली टाकली. नातीसमोर येऊन तो मातीत बसला. ज्याचं नाव काढू नका म्हणून त्यानं गावाला दम भरला होता, ते नाव त्यानं स्वतः घेतलं.

“लखन मेला, माय. तो नागपूरले नाही गेला. आमी खोटं बोललो. तो नाही येत आता.” त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. “मी त्याचा बाप होय. त्याच्या बदल्यात मी सांगतो. बोल आता तू. आवाज कर.”

खुशबूनं आवाज केला. तो कसा होता हे मला सांगता येणार नाही. माझ्या कुठल्याच पानावर तसं तोंड काढलेलं नाही. शेजारची माणसं धावत आली, तान्हं दचकून रडायला लागलं. तिनं माझं शेवटचं पान धरलं आणि टरकन ओढून फाडलं. शामकलाबाई समोरच होत्या. त्यांचा हात पुढं आला, आणि थांबला.

तुम्हाला वाटेल, आता सगळं छान झालं. नाही हो. खुशबू बोलते, पण थोडं. अस्वलाचं नाव निघालं की अजून चड्डी ओली करते. जंगलूबाबा अंथरुणाला लागलाय. नाव घेतलं म्हणून, असं गावात काही जण म्हणतात. म्हातारा म्हणतो, म्हणू द्या.

प्राची परत आली तेव्हा बाईंकडून सगळं ऐकून आणि फाटलेली कड पाहून तिचे डोळे भरले. ती म्हणाली, “दीदी, ये पन्ना तो हमारी गलती थी. इथं असं चित्र द्यायला नव्हतं पाहिजे.” हे कुणीतरी म्हणायला हवंच होतं. कुशीसाठी दुसरं काय काढता आलं नसतं? आजोबा काढता आले असते.

आता मी पेटीत नसतो. खिडकीखालच्या फळीवर असतो, पोरांच्या हाताला येईल असा. कव्हर गेलंय, कोपरे चघळलेले, आइसक्रीमवर वरणाचा डाग. चेंडूही बाहेर आलाय आणि पहिल्याच दिवशी फुटलाय.

तुम्हा मोठ्या माणसांना माझी एवढीच विनवणी आहे. मला फाडू द्या. मला पुन्हा छापता येतं. आणि लेकराला खोटं सांगू नका. ते तुमचं खोटं ऐकून गप्प बसतं, आणि ते बरं झालं असं तुम्हाला वाटतं.

जास्त बोलत नाही. मोहाचे दिवस पुन्हा आलेत. आजही फुलवंता पहाटेच टोपली घेऊन गेली. न जाऊन कसं चालेल? पण खोटं नाही बोलली. जाताना म्हणाली, “जंगलात जाऊन राहिली मी. तुले भेव लागल तं बाईले सांगजो.”

खुशबूनं सकाळीच शामकलाबाईंना सांगितलं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि मला तिच्या मांडीवर ठेवलं. पांघरुणातल्या मुलीचं पान उघडं आहे आणि त्यावर तिचं बोट आहे. खिचडी वाटून झाली, पोरं झोपली. ती दाराकडे बघत बसलीय.

रोज या वेळेपर्यंत फुलवंता परत येते. आज अजून आलेली नाही. ती येईपर्यंत मला कुणी मिटू नका.