एक जूनची शिवकांता

रजिया आली आणि श्रीपाद गोसावीचं डोकं फिरलं. तो लातूरच्या एका क्लासमध्ये कारकून. त्याआधी बारा वर्षं तिथे काहीही अडलं की क्लासचे मालक देवणीकर सर एकच वाक्य म्हणत, "श्रीपादला विचारा." कोणतं पोर कुठल्या खेड्याचं, कुणाचा बाप वारला, कुणाला कुठल्या खोलीवर ठेवलंय, सगळं श्रीपादच्या तोंडपाठ. नव्वदपेक्षा जास्त टक्के मिळवणारी पोरं सरांची, आणि त्या पोरांचा ठावठिकाणा श्रीपादचा, अशी वाटणी होती.

मग अठ्ठ्याण्णव साली कॉम्प्युटर आला. सोबत रजिया आली, बावीस वर्षांची, नांदेडहून डिप्लोमा केलेली. महिनाभरात सर म्हणायला लागले, "रजियाला विचारा." श्रीपादला हे वाक्य भाकरीतल्या खड्यासारखं लागायचं. ती बटण दाबायची आणि अकराशे पोरं गावाप्रमाणे रांगेत उभी राहायची. हे श्रीपादलाही येत होतं, फक्त दोन दिवस लागायचे. ती डबा खायला उठली की तो पडद्याकडे असं बघायचा, जणू सवतच बसलीय खुर्चीत.

क्लासच्या नव्या तुकडीसाठीच्या निवड परीक्षेच्या चार दिवस आधी रजिया एक कागद घेऊन त्याच्या टेबलापाशी आली.

"काका, या नऊ जोड्या निघाल्यात. नाव, बापाचं नाव, गाव, जन्मतारीख, सगळं एकच हाय. पोरांनी फॉर्म दोनदा भरलेत का खरंच दोघं दोघं हायेत?"

श्रीपादने कागद पाहिला. आठ जोड्या दुबार फॉर्मच्या होत्या. नववी मात्र तशी नव्हती. बिराजदार शिवकांता गुरुपादप्पा, निलंग्याकडची, जन्म एक जून. दोघी चुलत बहिणी, दोघींना आजीचंच नाव. एकीचे आईबाप भूकंपात गेले, तेव्हा चुलत्याने तिला घरी आणली आणि शाळेत बापाच्या जागी आपलंच नाव लावलं. आणि एक जूनचं काय, खेड्यातला मास्तर अर्ध्या गावाला एक जूनलाच जन्माला घालतो! हे श्रीपादला माहीत होतं, कारण दोघींचे फॉर्म त्याने स्वतः भरून घेतले होते आणि ते त्याच्याच कपाटात कुलूपबंद होते.

सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्याच्या जिभेवर दुसरंच आलं.

"तुझ्या कॉम्प्युटरला विचार की. त्याला सगळं कळतं ना?"

"बरं," रजिया म्हणाली आणि गेली. श्रीपादला फार गार वाटलं. आता फजिती होणार, सर तिला झाडणार आणि मग पुन्हा श्रीपादला विचारणार.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बैठक क्रमांकांची यादी भिंतीवर लागली. श्रीपाद दारात उभा राहून वाट बघत होता. दोघी बहिणी आल्या. बोट फिरवत फिरवत एका नावाशी थांबल्या. शिवकांता एकच होती.

"तुझंच हाय," आईबाप नसलेली लगेच म्हणाली. "एका घरच्या दोघींला कोण घेतंय? तू बस. मी जाते गावाकडं."

"अगं पर अप्पा लगीन लावून देतील तुझं."

"देऊ दे की. आणखी किती दिवस सांभाळतील?"

ना भांडण, ना तक्रार. पोरगी खोलीवरून ट्रंक आणायला निघालीसुद्धा. रजियाला कुणी झाडणार नव्हतं, कारण चूक झाल्याचं कुणाला कळणारच नव्हतं. ती जगात एकट्या त्यालाच माहीत होती.

तो आत गेला. "रजिया, ती नववी जोडी... दोन पोरी आहेत त्या. तू एक खोडलीस."

रजियाने मान वर केली नाही. "खोडली न्हाई, काका. नुसती खूण केली, म्हणून यादीत आली न्हाई. कायमची काढायला वेगळा हुकूम द्यावा लागतो, तो दिलाच न्हाई. तुम्ही सांगितलं नव्हतं ना, म्हणलं आज ना उद्या सांगतील." तिने चार अक्षरं टाइप केली आणि दुसरी शिवकांता पडद्यावर परत आली.

श्रीपाद सायकल हाणत स्टँडवर पोचला तेव्हा निलंग्याची गाडी सुरू झाली होती. "शिवकांता!" तो ओरडला. खिडकीतली वळली आणि खाली हात हलवत उभी असलेलीही वळली.

दुसऱ्या दिवशी दोघी शेजारच्या बाकांवर परीक्षेला बसल्या. सरांनी विचारलं, चूक सापडली कशी?

"श्रीपादकाकांना विचारलं," रजिया म्हणाली.

"बघा!" सर सगळ्या स्टाफसमोर खुशीत येऊन म्हणाले. "म्हणून मी म्हणतो, श्रीपादला विचारा." त्यांनी त्याच्यासाठी खास चहा मागवला.

कधी विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते रजिया बोलली नाही. ती खाली मान घालून टाइप करत राहिली. महिनाभर ज्या वाक्यासाठी श्रीपाद तडफडला ते त्याला मिळालं होतं, पण चहा त्याने तसाच बाजूला सारला. इतके दिवस तो तिच्या मशीनवर जळत होता. ते तरी शिकता आलं असतं; हे असं झाकून घेणं कुठून शिकणार?